कनकीच्या ताटातला आवाज

"बोलला! पोट्टा बोलला!"

मांडवात एकच कल्ला झाला. मागच्या बाया पुढच्यांच्या खांद्यावर रेलल्या, म्हाताऱ्यांनी काठ्या टेकून माना उंचावल्या, आणि कोणीतरी मोबाइल वर धरून चित्रण सुरू केलं. आंबागडच्या किल्ल्याखाली, भाताच्या बांध्यांना लागून टिनाचं एक लांबलचक छप्पर उभं होतं. दर रविवारी तिथं जिल्हाभरातून आईबाप आपली न बोलणारी लेकरं घेऊन येत. कोणी बपेऱ्याहून, कोणी साकोलीहून, कोणी पार नदीपलीकडच्या मध्य प्रदेशातून.

खरं पाहता बोललं कोणीच नव्हतं. सात वर्षांच्या सुगतनं तर तोंडही उघडलं नव्हतं. त्याची नजर वर छपराच्या टिनावर लागली होती आणि तो आपल्याच नादात पुढंमागं डुलत होता. बोललं होतं ते ताट. काळ्या रंगानं रंगवलेलं मोठं ताट, त्यात पसरलेली कनकी, म्हणजे राइस मिलमध्ये तांदूळ फुटून जो बारीक चुरा पडतो ती. आणि त्या कनकीत सुगतच्या बोटानं उमटलेली अक्षरं: आई मला सगळं समजतं.

सुगतचं मनगट भय्याजींच्या मुठीत होतं. तेवढ्याकडं मात्र कोणाचं लक्ष नव्हतं.

सुगतची आई रश्मी ताटासमोर बसल्या जागी कोसळली. सात वर्षं तिनं त्या दोन अक्षरांची वाट पाहिली होती. शेजारच्या बायकांची पोरं दिवसातून शंभरदा "आई, आई" करून त्यांचा जीव खात, तेव्हा रश्मी घरात जाऊन दार लोटून घेई. आता तीच अक्षरं तिच्या पुढ्यात, तिच्या पोराच्या बोटाखाली उमटली होती. ती कनकीला हात लावायलाही धजावेना. पुसलं गेलं तर?

"मी बाबा नाही, बुवा नाही," भय्याजींनी सुगतचं मनगट न सोडताच सुरुवात केली. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, डोक्याला चपचपीत तेल. "इथं नारळ नाही, अगरबत्ती नाही, लिंबू नाही. इथं फक्त विज्ञान! प्युअर सायन्स! हे लेकरू मुकं नाही, भाऊ. याची लहर अडकली आहे. मेंदूची लहर खांद्यात उतरते, खांद्यातून मनगटात, मनगटातून बोटात, बोटातून कनकीत. मी काय करतो? काहीच नाही! मी फक्त तिला वाट देतो."

"कनकीच काहून?" मागून एकानं विचारलं.

"कारण लहर पांढरी, कनकीबी पांढरी!" भय्याजी गरजले, आणि इतकं सोपं आपल्याला कसं सुचलं नाही म्हणून लोकांनी माना डोलावल्या.

आता हे कुटुंब असल्या मांडवात बसणाऱ्यांपैकी नव्हे, हे सांगायला हवं. रश्मीचा नवरा अश्वजित जवाहरनगरच्या कारखान्यात कामाला. क्वार्टरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो, बाकी देव नाही की देव्हारा नाही. सासू मंगलाबाई तर अशी कडक, की सुगत बोलत नाही म्हणून शेजारणीनं एका अंगात येणाऱ्या बाईचं नाव सुचवलं, तेव्हा तिनं शेजारणीला चहाच्या अर्ध्या कपावरून उठवलं होतं. "आमच्या घरात हे चालत नाई, बाई. आमच्या बापानं छप्पनमध्ये हे सारं नदीत सोडलं."

मग असं घर या मांडवात आलं कसं? आलं ते अक्षरामुळं. भय्याजींनी भस्म लावलं असतं तर मंगलाबाईनं त्यांना दारातही उभं केलं नसतं. पण त्यांनी अक्षर दाखवलं, आणि अक्षरासमोर हे घर हात जोडून उभं राहिलं. ज्या घरात आजी पन्नाशीत सही शिकली, बापानं दिव्याखाली बसून परीक्षा दिल्या, सून डी.एड. करून आली, त्या घरातलं लेकरू लिहून राहिलं आहे म्हटल्यावर शंका घ्यायची कोणी?

"मी सही शिकली तं म्हातारी झाल्ती," मंगलाबाई डोळे पुसत म्हणाली. "माह्या नातवाले कोणी शिकवलं बी नाई. तसाच लिहून राहिला."

कोणी शिकवलं नाही तर तो शिकला कुठं, हे तिला विचारावंसं वाटलं नाही. रश्मीला वाटलं होतं. तिनं भय्याजींना विचारलंही. भय्याजी प्रेमानं हसले. "ताई, टीव्हीवर अक्षरं येतात ना? रस्त्यावर पाट्या असतात ना? ही मुलं बघत नाहीत असं आपल्याला वाटतं. ती सगळं बघतात." रश्मीला ते पटलं. पटवून घ्यायचं असलं की कमी कारणं पुरतात.

खरं तर सुगत काहीच शिकत नव्हता असंही नाही. अश्वजितची धाकटी बहीण हर्षा तुमसरकडं विशेष मुलांना शिकवायची. सुगतला ऑटिझम आहे, स्वमग्नता म्हणतात ती, हे निदान झालं तेव्हा सगळ्या घरात एकटी हर्षा रडली नव्हती. ती चित्रांची कार्डं करून घेऊन आली. पाणी, जेवण, बाहेर, पुरे. कार्ड द्यायचं आणि ती वस्तू घ्यायची, एवढंच. वर्ष-दीड वर्षाच्या खटपटीनंतर सुगत पाण्याचं कार्ड उचलून रश्मीच्या हातात द्यायला लागला होता. हर्षा त्यावर इतकी खूश झाली की तिनं पेढे आणले. रश्मीनं पेढा खाल्ला, पण तिच्या मनात आलं, इतकंच? या गतीनं "आई" म्हणायला हा म्हातारा होईल.

हीच तिची दुखती जागा होती आणि भय्याजींनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. त्यांनी तिला हात धरायला शिकवलं. "घट्ट नाही, सैल नाही. लेकरू हात ओढतं ना, ती अडकलेली लहर असते, तेव्हा सोडायचं नाही. आणि मनात पूर्ण विश्वास. शंका आली की लहर तुटते."

सुगत हात ओढायचा. मान वळवायचा, कण्हायचा, ताटाकडं बघायचाही नाही. रश्मी सोडायची नाही. काही दिवस नुसत्या रेघोट्या झाल्या, आणि मग एका सकाळी तिच्या हातात त्याचं बोट चालायला लागलं. अ, मग काना, मग ई. आई. ती ओरडली. अश्वजित दाढी अर्धी टाकून धावत आला. मोठा धिप्पाड माणूस, पण भिंतीला टेकून लेकरासारखा रडला.

त्यानंतरचे दिवस त्या घरातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. ताट रोज बोलायचं. बाबा तुम्ही थकता. आजी मला आवडते. आई तू रडू नको, तुझा काही दोष नाही. सात वर्षं ज्या प्रश्नानं रश्मीला पोखरलं होतं त्याचं उत्तर पोरानं न विचारता दिलं. मग एक दिवस ताटात उमटलं: ही चित्रं नको, मी लहान बाळ नाही. रश्मीनं हर्षाची कार्डं पिशवीत भरून माळ्यावर टाकली.

आणि त्यानंतर उमटलं: गोळी नको. डोक्यात धूर होतो.

सुगतला पूर्वी झटके यायचे. डॉक्टरांनी गोळी सुरू केली तेव्हापासून थांबले होते, पण गोळीनं तो दुपारी पेंगायचा आणि ते रश्मीला बघवायचं नाही. भय्याजी तर दर रविवारी सांगायचे, इंग्रजी गोळी लहरीला बूच लावते. त्याऐवजी त्यांचा मेंदू-काढा. काढ्याची बाटली ताट प्रत्येकच लेकरासाठी मागायचं, हा एक योगायोगच म्हणायचा.

"गोळी बंद करावी का?" अश्वजितनं विचारलं.

"मी नाही, तो म्हणून राहिला," रश्मी म्हणाली. "त्याचं शरीर आहे ते. सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं काही मागितलं."

गोळी बंद झाली. पुढं काय झालं ते रश्मी कधी विसरणार नाही. भरदुपारी सुगत अंगणात उभा होता आणि उभ्याउभ्या पडला. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. एक झटका थांबला तर दुसरा. मंगलाबाई "बाबू रे, बाबू रे" करत नाकाशी धरायला कांदा शोधत धावली, रश्मीनं त्याला कुशीवर वळवून धरलं, आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या माणसानं गाडी काढून भंडारा गाठलं. रस्त्यात त्याचे ओठ निळे पडले होते. रश्मी त्याच्या छातीवर कान ठेवून बसली होती.

सुगत वाचला. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कोणी बंद केल्या?"

"त्यानंच सांगितलं," रश्मी म्हणाली.

ओरडण्याऐवजी डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "हे बघा, ताई. ऑटिझम बरं करणारी गोळी माझ्याकडं नाही, आणि कोणाकडंच नाही. असती तर मी लपवून ठेवली असती का? पण झटक्यांवर औषध आहे, आणि ते एकदम बंद केलं तर मूल जाऊ शकतं. पुढच्या वेळी गाडी वेळेवर मिळेलच असं नाही."

घरी आल्यावर सुगत शांत झाला तशी रश्मीनं ताट काढलं. तिला त्याला विचारायचंच होतं. तिनं त्याचं मनगट धरलं, आणि बोट चाललं: गोळी दिलीस तर मी परत कधीच लिहिणार नाही.

तिच्या एका मुठीत गोळी होती. समोर ताट होतं. अश्वजित खाटेवर डोकं धरून बसला होता.

"डॉक्टरचं ऐकावं का याचं?" तो म्हणाला. "सांग न, रश्मी. मले काई समजून नाई राहिलं."

तिला तरी कुठं समजत होतं! गोळी दिली तर पोराचा आवाज जाईल, नाही दिली तर पोर जाईल. त्या वेळी तिला वाटलं, कोणीतरी येऊन हा हात धरावा आणि जे करायचं ते करून टाकावं.

आली ती हर्षा. बातमी कळताच तुमसरहून निघाली होती. तिनं ताट वाचलं, वहिनीचा चेहरा वाचला, आणि पाण्याचा पेला भरून आणला. "वहिनी, गोळी आत्ता द्या. भांडण मग करू."

"तो लिहिणार नाही आता. कधीच."

"लिहिलं नाही तर मला शिव्या द्या. पण द्या."

रश्मीनं गोळी कुस्करून दह्यात दिली. सुगतनं तोंड वाकडं केलं आणि गिळली. रश्मी मोठ्यानं रडली.

"वहिनी," हर्षा बऱ्याच वेळानं म्हणाली, "तो खरंच लिहीत असेल तर माझ्याइतका आनंद कोणाला होईल? मी त्याच्या पाया पडीन. पण एकदा विचारून तर बघू. जे फक्त त्याला माहीत आहे आणि भय्याजींना माहीत नाही, असं काहीतरी."

"शंका घेतली की लहर तुटते म्हणतात ते."

"मग शंका घेऊ नका. साधा प्रश्न विचारा. आई लेकराला विचारत नाही का, काय खाल्लंस म्हणून?"

रश्मी कबूल झाली. पण विचारणार ती स्वतः, आणि सुगतनं बरोबर लिहिलं तर हर्षानं पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही, अशी तिची अट. हर्षानं मान डोलावली.

रविवारी अश्वजित आणि हर्षासोबत मांडवाकडं जाताना तुमसरच्या पुढं तलावाच्या पाळीवर एक म्हातारी उकडलेले शिंगाडे विकत बसली होती. सुगतनं मटामटा शिंगाडे खाल्ले. उरलेले रश्मीनं पिशवीत ठेवले.

मांडवाच्या तोंडाशी भय्याजींची बायको पुष्पाबाई बसायची. येणाऱ्या प्रत्येक आईची ती मायेनं विचारपूस करी. काय खाल्लं, कसे आले, घरी कोण आजारी, कोणाचं कोणाशी पटत नाही. आयांना बिचाऱ्यांना वाटे, किती जीव लावते बाई. मग ती पाणी द्यायच्या निमित्तानं आत एक चक्कर टाकून येई.

"आज पोराचे हात चिकट दिसून राहिले," पुष्पाबाई म्हणाली.

शिंगाड्याचं कोणाला सांगायचं नाही, असं रश्मीचं हर्षाशी ठरलं होतं. तिला खोटं बोलायची सवय नव्हती. "सीताफळ खाल्लं न रस्त्यानं," ती म्हणाली.

आत भय्याजींनी सुगतचा झटका आधीच पचवून टाकला होता. "तो झटका नव्हता, ताई! ते गोळीचं जहर बाहेर पडत होतं. शेवटचं जहर होतं ते!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्याच्यासाठी टाळ्या पडल्या ते लेकरू अजून नीट उभंही राहत नव्हतं.

"भय्याजी," रश्मी म्हणाली, "आज त्याला एकच विचारा. रस्त्यात काय खाल्लं?"

"बस, इतकंच?" भय्याजी गर्दीकडं वळले. "देखो भाऊ! मी गाडीत होतो का? नाही! मला माहीत आहे का? नाही! ज्यानं खाल्लं तोच सांगणार!"

त्यांनी मनगट धरलं. रश्मी ताटावर वाकली. लिही बाबू, ती मनात म्हणत होती, शिंगाडा लिही. एकदाच लिही, मग आयुष्यभर काही मागणार नाही. पहिलं अक्षर 'शि' असावं म्हणून तिनं नखं तळहातात रुतवली होती.

बोट चाललं. सी. ता. फ. ळ.

"सीताफळ!" गर्दी गरजली. टाळ्यांनी टिन दणाणलं.

रश्मीनं पिशवी उलटी केली. शिंगाडे कनकीत, अक्षरांवर, घरंगळले. "त्यानं हे खाल्लं," ती म्हणाली. "सीताफळ मी फक्त तुमच्या बायकोला सांगितलं होतं."

टाळ्या थांबल्या. मग भय्याजी सावरले. "मनात सीताफळाची इच्छा होती त्याच्या. लहर इच्छा लिहिते."

"मंग काढाबी इच्छाच मागते काय?" कोणीतरी विचारलं आणि हशा पिकला. दोन-तीन तरुण बाह्या सरसावत पुढं आले. तेव्हा भय्याजींनी आपला हुकमी पत्ता टाकला. ते रश्मीसमोर हात जोडून उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "ठीक आहे, ताई. मी खोटा. पण घरी तर हात तुम्ही धरता. घरी तो तुम्हाला आई म्हणतो. ते कोण लिहितं? तुम्हीबी खोट्या?"

सगळ्यांच्या नजरा रश्मीवर आल्या. तिथं बसलेली प्रत्येक आई घरी हात धरत होती. रश्मीचाही सगळा भरवसा आता त्याच एका गोष्टीवर उरला होता. भय्याजी जाऊ दे खड्ड्यात, पण माझा हात? माझ्या हातात तो मला आई म्हणाला होता. मी काय त्याला फसवणार होते?

"वहिनी, नका," हर्षा कुजबुजली. "घरी बघू."

"इथंच बघू," रश्मी म्हणाली. "या सगळ्या धरतात."

हर्षानं पिशवीत हात घातला. बपेऱ्याचा मंगरू म्हणून एक म्हातारा शेतकरी पुढंच बसला होता, न बोलणारी नात मांडीवर घेऊन. हर्षानं त्याला नातीसकट सुगतच्या मागं उभं केलं. "आजोबा, सुगतला मी काय दाखवते ते तुम्ही बघा. मी सांगेपर्यंत बोलायचं नाही." मग तिनं एक वस्तू ओंजळीत झाकून रश्मीला दाखवली, मग तिच्याकडं पाठ फिरवून सुगतला दाखवली. रश्मीनं मनगट धरलं. ताटात उमटलं: चावी.

"बराबर!" मंगरू आनंदानं म्हणाला. "चावीच व्हती!" बायांनी सुटकेचा श्वास सोडला. रश्मीचा चेहरा उजळला.

"अजून एकदा," हर्षा म्हणाली. पुन्हा ओंजळ, पुन्हा पाठ. रश्मीला झेंडूचं फूल दिसलं. सुगतनं नेहमीसारखा हात ओढला, मान फिरवली, तिनं सोडला नाही, आणि बोट झरझर चाललं: फूल.

मंगरू ताटाकडं बघत होता, मग हर्षाकडं, मग खाली.

"सांगा, आजोबा," हर्षा म्हणाली.

"त्याले तं फणी दाखवली व्हती, बाई," मंगरू म्हणाला.

रश्मीनं हात सोडला. सुगत लगेच ताटापासून लांब सरकला आणि मनगट चोळू लागला. तिथं तिच्या बोटांचे लाल वळ होते. तो रोज हात ओढत होता. रोज सांगत होता, सोड. त्यानं स्वतः सांगितलेलं तेवढं एकच होतं, आणि ते वाचायला घरातलं कोणी मोकळं नव्हतं.

म्हणजे "तुझा काही दोष नाही" हे तिनंच लिहिलं होतं. "आई"ही तिनंच. आणि "गोळी नको"ही तिनंच, कारण गोळी तिला नको होती. आपल्या पोराला तिनं मरणाच्या दारात नेलं होतं आणि नेताना त्याचीच सही घेतली होती. रश्मीला वाटलं, ही जमीन दुभंगावी.

"वहिनी खोट्या नाहीत," हर्षा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. तिनं चावीला दोरा बांधला आणि मंगरूच्या चिमटीत दिला. "आजोबा, हात हलवायचा नाही. फक्त मनात म्हणा, चावी माझ्याकडून त्या खांबाकडं जावी."

मंगरूनं हात गच्च स्थिर धरला. थोड्या वेळात चावी हलायला लागली. मग चांगली झुलायला लागली, हर्षाकडून खांबाकडं.

"माय वो! मी नाई हलवून राहिलो!"

"तुम्ही मुद्दाम नाही हलवत. पण मनात आलं की हात इतकासा सरकतो, आपल्याला कळत नाही. दोऱ्यात ते सरकणं मोठं दिसतं, बोटात अक्षर होतं. यात लहर नाही, जादू नाही. आपलाच हात आहे आणि आपलीच इच्छा. म्हणून आईचा हात सगळ्यात चांगलं लिहितो. आणि यांचा," तिनं भय्याजींकडं बोट केलं, "यांचा हात काढ्याची बाटली लिहितो. कारण यांची इच्छा ती आहे."

भय्याजी तोवर चपला शोधत होते. पुष्पाबाई ताटं गोळा करत होती. ज्यांनी बाह्या सरसावल्या होत्या त्यांना अश्वजितनं अडवलं. "हात नका लावू. असल्यांसाठी कायदा आहे. पोलिसांना बोलावतो." दोघं तरुण भय्याजींच्या मोटरसायकलला टेकून उभे राहिले.

पण मांडवात आनंद कसलाच नव्हता. बाया आपापल्या लेकरांचे हात पोटाशी धरून बसल्या होत्या. एक जण रश्मीवर ओरडली, "तुले काय भेटलं वो हे करून? आमचं लेकरू बोलत व्हतं!"

रश्मी उठली.

"माझंही बोलत होतं, बाई," ती म्हणाली. "इतकं गोड बोलत होतं, की त्याच्या नादात मी त्याची गोळी बंद केली. त्याचे ओठ निळे पडलेले मी पाहिले. तुमच्यापैकी कोणी बंद केली असेल तर आजच्या आज डॉक्टरकडं जा, ताटाला विचारत बसू नका. माझ्या सुगतनं मला एकदाही आई म्हटलेलं नाही. कधी म्हणेल का, तेही मला ठाऊक नाही. त्याच्या तोंडात मी माझंच बोलणं घातलं आणि ऐकत बसले. त्याला काय म्हणायचंय ते अजून मी ऐकलंच नाही. ते ऐकायला वेळ लागेल. जो म्हणेल वेळ लागणार नाही, एका रविवारात ऐकवतो, त्याला एवढंच म्हणा, जे तुला माहीत नाही ते याला विचार. आधी ते करून दाखव."

ती खाली बसली. मंगरू नातीचं मनगट धरून अजून तिथंच उभा होता. पोरगी अंग वळवत होती, कण्हत होती.

"बाई," तो म्हणाला, "हे मले ताटात आजा म्हणते. दोन अक्षरं. बाकी तिचं मले काईच माईत नाई. मंग आता मी हिले कसं विचारू?"

"हात सोडून विचारा," रश्मी म्हणाली.

मंगरूनं नातीकडं पाहिलं. मग बोटं उघडली. पोरगी सुटल्यासारखी पळाली, मांडवाच्या बाहेर, थेट हातपंपाकडं, दांड्याला लोंबकळली आणि मग तिनं तोंड पंपाच्या कोरड्या तोटीखाली धरलं. पण पंप हलवायला तिचं वजन पुरत नव्हतं. तिनं मागं वळून आजाकडं पाहिलं.

"तहान लागली तिले," मंगरू म्हणाला, आणि पंप हापसायला धावला.